‘पाठ टेकली की झोप’: धायरीतल्या एका घराचा झोपेचा हिशेब

बाईंचं वय ४३. राहायला पुण्याच्या धायरीत, नोकरी टिळक रस्त्यावरच्या एका करसल्लागाराकडे, काम हिशेबाच्या नोंदींचं. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. दुपारनंतर डोकं जड होतं, छातीत जळजळते, महिन्या-दीड महिन्याला सर्दी होते आणि ‘काही म्हणजे काही लक्षात राहत नाही’, अशा तक्रारी घेऊन त्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. झोपेबद्दल विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: “झोपेचा काही त्रास नाही हो. पाठ टेकली की झोप लागते.”

या एका वाक्यामुळे पुढचे काही महिने तपास भलतीकडेच गेला. झोप न येणं हा आजार लोकांना माहीत आहे. झोप फार पटकन येणं हीसुद्धा खूण असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

(हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा घरांमधून नेहमी दिसणाऱ्या तक्रारी एकत्र करून ते बेतलं आहे. बाईंचे आणि घरचे आकडे त्यातलेच, नमुन्यादाखल.)

माग कुठे चुकला

जळजळीवर आम्लपित्ताची गोळी मिळाली. सर्दीवर दुकानातली नेहमीची गोळी सुरू होती. तिच्यात क्लोरफेनिरामिन होतं, म्हणजे हमखास गुंगी आणणारं औषध, आणि ती घेतली जायची सकाळी कामाला निघताना. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४ निघालं. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. मग सगळ्याचं खापर हिमोग्लोबिनवर फुटलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही सकाळच्या चहाबरोबर. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचं अंतर लागतं, हे सांगायचं राहून गेलं. शिवाय लोहाने जळजळ वाढली ती वेगळीच.

यातला कोणताही उपाय मुळात चुकीचा नव्हता. हिमोग्लोबिन खरोखरच कमी होतं. पण त्याने थकवा येतो, पेंग येत नाही, आणि हा फरक विचारूनच कळतो. थकलेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं आडवं केलं तर अंगाला बरं वाटतं, पण डोळा लागेलच असं नाही. झोप तुटलेल्या माणसाला तेवढ्यात गाढ झोप लागलेली असते. पुरेशी झोप मिळणाऱ्याला रात्री झोप लागायला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. दिवसा संधी मिळताच पाच मिनिटांच्या आत झोप लागत असेल, तर झोपेच्या प्रयोगशाळेत तो तीव्र झोपाळूपणा मानतात. बाईंना दुपारी किती वेळ लागतो, हे नवऱ्याने सांगितलं: “उशी नीट करेपर्यंत घोरायला लागते.”

घरात आणि कामावर दिसत असलेल्या खुणा

खुणा होत्या, पण सुट्यासुट्या. प्रत्येकीला घरात वेगळं नाव होतं: वेंधळेपणा, वय, स्वभाव, परीक्षेचं टेन्शन.

स्वयंपाकघरात आठवड्यातून दोन-तीनदा दूध उतू जायचं, आणि तेही समोर उभं असताना. एकदा कुकरमध्ये तळाला पाणी न घालताच डबे ठेवले गेले. आमटीत मीठ दोनदा पडलं. शेजारणीचं नाव पटकन न आठवणं निराळं आणि हातात असलेलं काम मधेच सुटणं निराळं. झोप कमी पडली की पहिला फटका दुसऱ्या प्रकाराला बसतो. लक्ष सलग राहत नाही, मधेमधे सेकंद-दोन सेकंद तुटतं. दूध उतू जायला तेवढं पुरतं.

चिडचिड घरातल्यांना आधी जाणवते आणि ज्याची त्याला शेवटी. “आई, तू हे मला तिसऱ्यांदा विचारतेयस,” असं मुलगा म्हणाला की भांडण ठरलेलं. झोप तुटलेली असताना मेंदूतला भीती आणि राग हाताळणारा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा पुढचा भाग ढिला पडतो. म्हणून भांडण कशावरून झालं, हे संध्याकाळी दोघांनाही आठवत नाही.

चारच्या सुमाराला काहीतरी गोड किंवा तळलेलं लागायचंच. कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं. त्यामुळे त्या वड्याला नुसती जीभ जबाबदार नसते. सर्दीचंही तसंच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून थोडी अधिक निघाली.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र कार्यालयातल्या नोंदींत होता. ताळा जुळत नसेल आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आधी तपासायची, हे प्रत्येक जुन्या हिशेबनिसाला ठाऊक असतं. ६४,८५० च्या जागी ६८,४५० पडले की फरक ३,६०० चा, म्हणजे नऊचे चारशे. बाईंच्या नोंदींत पूर्वी असा फरक महिन्याकाठी एखादा निघायचा, आता आठवड्याला तीन-चार निघू लागले. नोंदींची वेळ पाहिल्यावर बहुतेक चुका दुपारी अडीच ते चारमधल्या निघाल्या. शरीराच्या घड्याळात रोज दोन खळगे असतात, एक पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान आणि दुसरा, जरा उथळ, भर दुपारी. झोप पुरी असेल तर दुपारचा खळगा जेमतेम जाणवतो. तुटीत असलेला माणूस नेमका त्यात पडतो. दोष जेवणाला दिला जातो, पण न जेवताही तो येतोच.

रस्त्यावर

इथवरच्या खुणांनी घराचं आणि हिशेबाचं नुकसान होतं. रस्त्यावरच्या खुणा जिवावर बेतू शकतात.

राजाराम पुलाच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी बाईंची स्कूटर जागची हलायची नाही. मागून हॉर्न वाजला की त्या दचकायच्या. त्यांचं म्हणणं, विचारात होते. एकदा घरी आल्यावर लक्षात आलं की विठ्ठलवाडी ते वडगाव हा पट्टा आठवतच नाही. पीएमपीच्या बसने जायच्या दिवशी दोनदा थांबा चुकला आणि त्या थेट शेवटच्या थांब्यावर उतरल्या.

पहिल्या दोन घटना बहुधा क्षणिक झोपेच्या. ही झोप एका सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत टिकते, त्या वेळी डोळे उघडे असू शकतात आणि माणसाला ती झाल्याचं कळतही नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी स्कूटर तीन सेकंदांत ३३ मीटर जाते. तेवढं अंतर ती कोणीही चालवत नसतं. वाहन आपोआप एका कडेला सरकणं, पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट उशिरा दिसणं, एकामागून एक जांभया, मान एकदम खाली जाऊन सावरणं, पार केलेला पट्टा न आठवणं, यातलं एक जरी घडलं तरी गाडी बाजूला घ्यायची. तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं, हेल्मेटची काच वर करणं यांनी दोन-चार मिनिटं तरतरी येते, झोप फिटत नाही. खरा उपयोग होतो तो एक कप कडक चहा किंवा कॉफी घेऊन लगेच १५ ते २० मिनिटं डोळे मिटण्याचा. कॅफीनचा परिणाम जाणवायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून आधी कप आणि मग डुलकी.

आणखी एक गोष्ट बाईंच्या दिनक्रमात लपली होती. मुलाला क्लासवरून आणायला त्या रात्री पावणेदहाला स्कूटर काढायच्या. उठलेल्या असायच्या पहाटे चार पन्नासला, म्हणजे सतरा तास जाग्या. सतरा तासांच्या सलग जागरणानंतर हातापायांची चपळाई आणि लक्ष साधारण तितकं मंदावतं, जितकं १०० मिलीलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना मंदावतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे आपल्याकडे मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. नाकाबंदीत तोंडाशी धरायचं यंत्र झोप मोजत नाही, एवढाच काय तो फरक.

दोन माणसं, एकच प्रश्नावली

दिवसाचा झोपाळूपणा मोजायला एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत किंवा नाट्यगृहात नुसतं बसलेलं असताना, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारी आडवं पडल्यावर, कोणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि वाहतुकीत काही मिनिटं गाडी थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० पर्यंत ठीक, त्यापुढे चौकशी हवी, १६ च्या पुढे तर गंभीरच.

बाईंनी स्वतः भरली, गुण आले ७. तोच कागद नवऱ्याने बाईंबद्दल भरला, गुण आले १४. टीव्हीपुढे बाईंनी १ दिला होता, नवऱ्याने ३. “अहो, मी डोळे मिटून ऐकत असते,” असं त्यांचं स्पष्टीकरण. “अगं, मग मालिकेत काय झालं ते मला का विचारतेस?” यावर उत्तर नव्हतं.

त्या खोटं बोलत नव्हत्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००३ च्या प्रयोगात निरोगी माणसांच्या काही गटांना सलग १४ दिवस चार किंवा सहाच तास झोपू दिलं होतं. लक्षाच्या चाचणीत त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली, शेवटी तर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खाली आली. ‘झोप येतेय का?’ या प्रश्नाची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. थोडक्यात, नुकसान वाढत राहतं आणि त्याची जाणीव थांबते. म्हणून ‘मला सवय झालीय’ या वाक्यावर विसंबायचं नाही. पुरावा बाहेर शोधायचा: उतू गेलेलं दूध, खोडलेल्या नोंदी, मागचा हॉर्न, घरच्यांची कुरकुर. प्रश्नावली भरताना शेजारी झोपणाऱ्याचा किंवा रोज समोर बसणाऱ्याचा कागद वेगळा घ्यावा, आणि दोघांनी एकमेकांचा पाहण्याआधी घ्यावा.

चौदा दिवसांची वही

झोप किती होते, असं तोंडी विचारलं तर ‘सहा तास तरी’ हे उत्तर आलं. वही ठेवल्यावर ते टिकलं नाही. दिवा मालवला ती वेळ, मधे उठलेल्या वेळा, पहाटे उठल्याची वेळ, दिवसाच्या डुलक्या आणि चहाच्या वेळा, एवढंच लिहायचं होतं, तेही सकाळी अंदाजाने. रात्री घड्याळ पाहत बसायचं नाही, त्याने झोप आणखी बिघडते. मनगटावरच्या घड्याळाने एकूण वेळेचा ढोबळ अंदाज येतो, पण ते स्वस्थ पडून राहण्यालाही झोप धरतं आणि गाढ झोपेची टक्केवारी दाखवतं ती फारशी मनावर घेऊ नये.

सोमवार ते शनिवार दिवा मालवायचा ११.४५ ला, उठायचं ४.५० ला, मधे अडीचच्या सुमारास सासूबाईंसाठी २५ मिनिटं जाग. म्हणजे हाती ४ तास ४० मिनिटं. रविवारी सकाळची झोप धरून ८ तास ३० मिनिटं. आठवड्याचे झाले साडेछत्तीस तास, रोजची सरासरी ५ तास १३ मिनिटं. प्रौढांना रोज किमान सात, म्हणजे आठवड्याला ४९ तास लागतात. तूट साडेबारा तासांची. रविवारी नेहमीपेक्षा दोन तासांहून जास्त झोप लागत असेल, तर ती चैन नाही, थकबाकी आहे. एका रविवारात ती फिटतही नाही.

चहाचे कप सहा, शेवटचा संध्याकाळी सातला. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. चहाने बाईंची झोप लांबत नव्हती, तेवढी तूटच दांडगी होती, पण रात्री मधे जाग आल्यावर पुन्हा डोळा लागायला वेळ जात होता. रिकाम्या पोटी सहा कप म्हटल्यावर जळजळीचंही निम्मं उत्तर मिळालं.

काय बदललं

‘आठ तास झोपा’ हा सल्ला या घरात निरुपयोगी होता. मिनिटं कुठून काढायची, ते शोधावं लागलं.

पहाटेचं उठणं पाण्यासाठी होतं. गल्लीत नळाला पाणी पाचला येतं आणि मोटर लावून वरची टाकी भरायला कोणीतरी जागं लागायचं. जमिनीतल्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह आणि वरच्या टाकीला पातळी पाहून मोटर चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवला, खालची टाकी कोरडी असताना मोटर चालू न देणारा. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम. कणीक मळायची आणि भाजी चिरायची जबाबदारी नवऱ्याने संध्याकाळीच उरकायची ठरलं. गजर ५.५० वर गेला.

सासूबाईंची रात्र त्यांच्या दिवसाने बिघडवली होती. दुपारी एक ते चार त्या गाढ झोपायच्या, सकाळचं ऊन अंगावर येत नव्हतं आणि रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी सातला होती. ती गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून बदललं. अशा वेळा परस्पर बदलायच्या नसतात. दुपारची झोप पाऊण तासावर आणली आणि सकाळी अर्धा तास बाल्कनीत खुर्ची टाकली. तरीही जाग आलीच, तर एक रात्र नवरा, एक रात्र बाई. बाथरूमपर्यंत पिवळसर मंद दिवा, म्हणजे पांढऱ्या ट्यूबने दोघींची झोप उडायला नको.

रात्री ११ ते पावणेबारापर्यंत हातात फोन असायचा. त्यावर घरात बरीच टीका होती, पण चोवीस तासांत स्वतःचा म्हणावा असा बाईंना तेवढाच वेळ मिळत होता. तो नुसता काढून घेतला असता तर आठवड्यात परत आला असता. संध्याकाळी साडेसात ते आठ हा वेळ त्यांचा, त्या वेळी कोणी हाक मारायची नाही, असं ठरल्यावरच रात्रीचा फोन सुटला. झोपायची वेळ एकदम मागे न आणता दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटांनी आणली, साडेदहापर्यंत यायला अडीच आठवडे गेले.

चहा दर दोन-तीन दिवसांनी एकेक कपाने कमी केला, शेवटचा दुपारी दोनला. एकदम सोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकू लागतं, आणि मग माणूस ‘मला चहा सोसतो, झोप सोसत नाही’ या निष्कर्षाला येतो. सर्दीची गुंगीची गोळी बंद झाली. लोहाची गोळी चहापासून दूर, जेवणानंतर गेली. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत २० मिनिटांची डुलकी, गजर लावून, तीनच्या आत. पुणेरी एक ते चार इथे उपयोगाची नाही: अर्ध्या तासापुढे गाढ झोप लागते, उठल्यावर डोकं सुन्न राहतं आणि रात्रीची झोप पातळ होते.

पहिले दोन आठवडे स्कूटर पूर्ण बंद होती. मुलाला आणण्याचं काम नवऱ्याकडे गेलं.

घोरण्याबद्दलही चौकशी झाली. घोरणं फक्त पाठीवर झोपल्यावर, हलकं, श्वास अडकल्याचं नवऱ्याने कधी पाहिलेलं नाही, मानेचा घेर ३४ सेंटीमीटर, रक्तदाब ठीक. थायरॉइड आणि साखर व्यवस्थित. म्हणून झोपेची रात्रभराची तपासणी तूर्त नको, असं ठरलं. मोठ्याने घोरणं, श्वास थांबून धाप लागून उठणं, सकाळी डोकं दुखणं, पायांत रात्री वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन न पडणं, यांपैकी काही असतं, किंवा तीन-चार आठवडे सात तास झोपूनही एपवर्थचे गुण दहाच्या वर राहिले असते, तर तपासणी टाळता आली नसती. हिमोग्लोबिन कमी असेल तर पायांच्या वळवळीसाठी फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पाहतात.

सहा आठवड्यांनंतर

पहिल्या आठवड्यात बाईंना उलट जास्त पेंग आली आणि ‘हे सगळं करून काय मिळालं’ असं त्या म्हणाल्या. चहा उतरत असतो आणि शरीर थकबाकी मागत असतं, तेव्हा हे होतंच. तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. चौथ्या आठवड्यापासून फरक दिसू लागला. सहाव्या आठवड्यात सरासरी ६ तास ४५ मिनिटं झाली, नवऱ्याच्या कागदावर गुण ७. नऊने भाग जाणारे फरक महिन्याला एक-दोनवर आले. झोप लागायला आता दहा-बारा मिनिटं लागतात, आणि गंमत अशी की बाईंना त्याचीच काळजी वाटली: “पूर्वीसारखी पटकन झोप येत नाही हो.”

सगळं सुटलेलं नाही. सासूबाई आठवड्यातून दोनदा तरी उठतात. मुलगा साडेबारापर्यंत अभ्यास करतो आणि सहाला उठतो. त्याच्या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि रात्री पाठ केलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच होतं. पण परीक्षेआधी हे या घरात कोणी ऐकून घेत नाही. आणि मार्चअखेर आहेच. ते दहा-बारा दिवस झोप सहाच्या खाली जाणार हे आधीच माहीत आहे, म्हणून त्यांची वेगळी तजवीज केली आहे: पैसे भरण्याच्या आणि विवरणपत्रांच्या नोंदी दुपारी बाराच्या आत, त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्याची नजर, वीस मिनिटांची डुलकी चुकवायची नाही, आणि रात्री उशीर झाला तर स्कूटर कार्यालयातच ठेवून रिक्षाने घरी.